काठीच्या आधी बॅटरी

जळालेल्या मोटारी भरायचा माझा धंदा. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात दुकान आहे. विहिरीवरची मोटार बंद पडली की शेतकरी आधी माझ्याकडे येतो. या धंद्यातला माणूस सापाच्या वाटेला गेला नाही तरी साप त्याच्या वाटेत येतोच. मोटारीची खोली, स्टार्टरची पेटी, केबलचा चर, विहिरीचा दगडी कठडा, सगळीकडे उंदीर, पाली आणि बेडूक मुक्कामाला असतात आणि माझं कामही तिथंच असतं. पहिली काही वर्षं साप निघाला की मी बाजूला व्हायचो आणि कोणीतरी तो ठेचायचा. पुढं वनविभागाशी जोडलेल्या एका जाणत्या सर्पमित्राबरोबर फिरायला लागलो. पकडायचं कसं यापेक्षा बघायचं कसं हे त्यांनी जास्त शिकवलं. मग गावोगावचे फोन मलाच येऊ लागले. "मिस्त्री, पळत या, लांबडं निघालंय."

त्यापुढचं वाक्यही जवळजवळ ठरलेलं असतं. "इषारी हाय का तेवढं बघा. नसलं तर सोडून देऊ." बोलणाऱ्याच्या मनात दया असते, हे मला कळतं. पण साप ओळखायचा तो त्याला मारायचं की सोडायचं हे ठरवायला, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मला हे पटत नाही. ज्याला साप ओळखता येत नाही तो हातात काठी घेऊन त्याच्यापासून चार फुटांवर उभा असतो, आणि त्या क्षणी पंचक्रोशीत सगळ्यात धोक्यात तोच असतो. साप बिनविषारी निघाला तर एक फुकटचा जीव जातो. विषारी निघाला तर कोणाचा जाईल हे सांगता येत नाही.

स्टार्टरच्या पेटीतला साप आम्हाला नवा नाही. केबल आत घ्यायला पेटीला खालून भोक पाडलेलं असतं, ते बुजवायचं राहून जातं. आत कॉईलची ऊब असते. खोलीतल्या बल्बला किडे येतात, किड्यांमागं पाली, पालींमागं साप. बहुतेकदा निघतो कवड्या, कधी तस्कर. क्वचित मण्यारही निघालेली मी पाहिली आहे. म्हणून पेटी उघडण्याआधी मी पत्र्यावर दोन टपल्या मारतो. बाजूला उभा राहून लांब स्क्रूड्रायव्हरनं झाकण ओढतो, बॅटरीचा झोत आत टाकतो आणि मगच हात घालतो. दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना तार गुंडाळायच्या आधी हे शिकवतो. आणि काम संपलं की केबलचं भोक एम-सीलनं बुजवून येतो. त्याचे पैसे लावत नाही.

मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्या घोटाळ्यात आमच्या भागात किती कवडे मेले असतील याला गणती नाही. एकदा एका जुन्या वाड्यातून रात्री फोन आला. फडताळावरच्या कोनाड्यात साप, खाली अख्खं घर गोळा झालेलं, आणि घरचा कर्ता कुऱ्हाडीचा दांडा घेऊन पुढं. "मण्यारच हाय," तो म्हणत होता. मी त्याला म्हटलं, दादा, दांडा राहू द्या हातात, पण जरा मागं सरका आणि बॅटरी धरा. आता पट्टे कुठून सुरू होतात तेवढं मला सांगा. तो बघायला लागला. मण्यार निळसर काळी, तेल लावल्यागत चकचकीत. पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीनं, आणि मानेकडे ते नसतात किंवा नुसते ठिपके असतात. शेपटीकडे जाल तसे ते ठसठशीत होतात. पाठीच्या मधोमध षटकोनी खवल्यांची मोठी रांग असते, ती उजेडात कळते. कवड्या तपकिरी. त्याचे पिवळट पांढरे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. कर्त्यानं मान वाकडी करून बराच वेळ बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "मागल्या अंगाला पुसाट झाल्यात की." तोवर त्याचा दांडा खाली आला होता.

त्या रात्रीपासून माझ्या लक्षात एक गोष्ट आली. ओळख बरोबर निघाली यापेक्षा तो माणूस ओळखायला थांबला, यानंच काम झालं. बघायचं म्हटलं की अंतर ठेवावं लागतं, उजेड लागतो, गर्दी मागं न्यावी लागते, आणि सापालाही निघून जायला सवड मिळते. ती मण्यार असती तरी एवढं केल्यावर कोणाला काही झालं नसतं. तेव्हापासून घरात शिरताना मी पहिलं विचारतो ते उजेडाचं. बहुतेक घरांत काठी दाराआड तयार असते, बॅटरीचे सेल मात्र उतरलेले असतात.

आता ओळखीबद्दलच बोलायचं तर पुस्तकातल्या फोटोवर भरवसा ठेवून कोणी सापाजवळ जाऊ नये. कात टाकायच्या आधी सापाचा रंग विटतो, डोळे निळसर धुरकट होतात. चिखलातून आलेल्या सापावर नक्षी दिसतच नाही. मण्यारीच्या काही पिलांना पट्टे अगदी पुढपासून असतात. प्रत्येक नागाच्या फण्यावर दहाचा आकडा नसतो, आणि अडचणीत सापडलेला नाग दर वेळी फणा काढेलच असंही नाही. उलट दिवड आणि गवत्या घाबरले की मान चपटी करतात आणि लोक "नाग, नाग" म्हणून ओरडतात. धामणीचे तर हाल विचारू नका. लांबलचक, तपकिरी किंवा पिवळट अंग, म्हणून ती नाग समजून मारली जाते. तिचे मोठे डोळे, बारीक मान आणि ओठांवरच्या काळ्या उभ्या रेघा बघायला कोणी थांबत नाही. त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी हा आणखी एक घातक नियम. नागाचं आणि मण्यारीचं डोकं त्रिकोणी नसतं, आणि माणसाला काहीही न करणाऱ्या मांजऱ्याचं असतं. दातांच्या दोन खुणा दिसल्या तर विषारी, जास्त दिसल्या तर बिनविषारी, हेही तसंच. मण्यारीच्या चाव्याची खूण पुष्कळदा दिसतच नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक घोणशीची. पाठीवर आणि दोन्ही कुशींवर काळ्या कडांच्या तपकिरी अंडाकृती ठिपक्यांच्या तीन साखळ्या, जाड अंग, आखूड शेपटी. ती पळत नाही, पडल्या जागी वेटोळं करून बसते आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडते. तो एकदा ऐकला की विसरत नाही. पण गारठ्याच्या दिवसांत ती सुस्त पडलेली असली की लोक तिला डुरक्या घोणस समजतात, नाहीतर अजगराचं पिल्लू. कॉलेजातल्या एका पोरानं रस्त्यावर पडलेली अशीच एक उचलली. सोबतीच्या मोबाईलवर त्याचं चित्रीकरण झालं. ते मला दाखवण्यात आलं तेव्हा पोरगं डायलिसिसवर होतं. चित्रात तो हसतोय, साप शेपटीकडून धरलाय, आणि मग एकदम हात झटकतो. तो वाचला, पण अंगठ्याचं एक पेर गेलं आणि वर्ष वाया गेलं. त्याला साप मारायचा नव्हता, उलट वाचवायचा होता, म्हणून ही गोष्ट मला जास्त लागते. शाळांमध्ये बोलायला जातो तेव्हा हल्ली मी अजगर आणि घोणस यांतला फरक सांगायच्या आधी सांगतो की फरक कळला तरी हात लावायचा नाही. मी स्वतःही शक्यतो हात लावत नाही. प्लास्टिकच्या पाईपच्या एका तोंडाला कापडी पिशवी बांधायची, दुसरं तोंड सापापुढं ठेवायचं आणि आकड्यानं हलकेच वळवायचं. अंधारं बीळ दिसलं की साप आपणहून आत जातो. बघणाऱ्यांना यात काही मजा वाटत नाही. हातात नाग धरून फोटो काढणारे सर्पमित्र लोकांना आवडतात. त्यांतले काही आज हयात नाहीत.

ठेचलेला साप मेला असं समजणं तेवढंच धोक्याचं. उसाला पाणी पाजायला गेलेल्या एका शेतकऱ्यानं खोऱ्यानं घोणशीचे तुकडे केले आणि डोकं पुरायला म्हणून उचललं. तुटलेलं डोकं बराच वेळ चावू शकतं. ते त्याच्या बोटाला चावलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी त्याच्याबरोबर होतो. नातेवाइकांनी उरलेला साप खताच्या पिशवीत घालून आणला होता. डॉक्टरांना दाखवला नाही तर ते कुठलं औषध देणार, अशी त्यांची समजूत होती. डॉक्टरीणबाईंनी पिशवी उघडूही दिली नाही. "ती बाहेर न्या आधी," म्हणाल्या. त्यांनी दोनेक मिलि रक्त एका कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेतलं, नळी स्टँडमध्ये उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कोणी नळीला धक्का लावायचा नाही. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत बसलो. वीस मिनिटांनी बाईंनी ती अलगद आडवी केली आणि रक्त पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं. गोठलं नव्हतं. लगेच प्रतिविषाच्या कुप्या फुटायला लागल्या.

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण साप मारून दवाखान्यात न्यायची रीत अजून गेलेली नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर रोग्याच्या लक्षणांवरून ठरवतात. सापाच्या मागं धावण्यात जो वेळ जातो तो रोग्याचा असतो, आणि त्या धावपळीत दुसऱ्याला पान लागायची भीती वेगळीच. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, घट्ट आवळपट्टी बांधायची नाही, कापायचं-चोखायचं नाही, एकशेआठला फोन करायचा नाहीतर मिळेल त्या गाडीनं निघायचं. मांत्रिकाकडे थांबायचं नाही. सुया टोचून, मिरची खायला घालून परीक्षा बघणारे अजून आहेत. बिनविषारी साप चावलेली माणसं बरी करून त्यांनी नाव कमावलेलं असतं, आणि मण्यारीच्या रोग्याला ते नाव भोवतं.

मण्यारीच्या विषयी जरा थांबून सांगायला हवं. ती रात्री हिंडते, दुसरे साप खाते, आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला कूस बदलताना चावते. दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, घशाशी येतं, माणूस म्हणतो रात्रीचं जेवण बाधलं. मग पापण्या जड होतात. आमच्याकडे हंगामात ऊस तोडायला आलेली कुटुंबं शेताच्या कडेला कोप्या घालून राहतात. तिथल्या एका पोराला असंच झालं. पहिल्या डॉक्टरनं पोटाचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं. त्याच्या आईच्या लक्षात आलं की पोरगं हाक मारली तर ऐकतंय, पण डोळे उघडत नाहीये. तिनं मुकादमाला उठवलं, मुकादमानं गाडी काढली. जिल्ह्याच्या दवाखान्यात तो काही दिवस श्वासाच्या मशीनवर होता आणि उठून चालत घरी आला. साप कोणालाही दिसला नाही. मारायला काही नव्हतंच. कोपीत खाट नव्हती, मच्छरदाणी नव्हती, आणि दिव्याची सोय नव्हती.

मारून प्रश्न सुटत असता तर कोकणात तो केव्हाच सुटला असता. इंग्रजांच्या अमलात रत्नागिरीकडे फुरशांवर सरकारनं इनाम लावलं होतं. फुरशांचे ढीग लागले, पैसे वाटले गेले. कातळावर आणि गडग्यांच्या दगडांत फुरसं आजही आहे. त्याच्या डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण असते, अंग जेमतेम हातभर, आणि डिवचलं की खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. आंब्याच्या बागेत अनवाणी गवत काढणाऱ्या बाईला ते दिसत नाही. तिच्या पायात बूट नसणं आणि काढलेलं गवत तिला हातानं कवटाळून उचलावं लागणं, इथं हात घालायला पाहिजे.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. साप वाचवा म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी म्हणायला हवा, असं मला वाटतं. आमच्यातले काहीजण साप म्हणजे शेतकऱ्याचा मित्र एवढं एकच वाक्य घेऊन गावात जातात. ते खरं आहे. धामण आणि घोणस पुष्कळ उंदीर खातात. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला हे वाक्य ऐकवण्यात माणुसकी नाही.

माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, त्याचा थोरला मुलगा मण्यारीनं गेला. त्यानंतर त्यानं दिसेल तो साप मारला. धामण, दिवड, गांडुळाएवढा वाळासुद्धा. मी त्याला कधी काही बोललो नाही. एकदा त्यानं आपणहून विचारलं, "मिस्त्री, माझं चुकतंय का?" मी म्हणालो, तुमचं दुःख चुकत नाही. पण तुम्ही मारलेल्यांत मण्यार एकही नव्हती, आणि धाकटी दोघं अजून खालीच झोपतात. तो गप्प बसला. पुढच्या बाजाराला दोन लोखंडी खाटा आणि मच्छरदाण्या घेऊन आला. साप मारायचं त्यानं सोडलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. आमची बोलचाल चांगली आहे. पण रस्ता ओलांडणाऱ्या धामणीवर तो आजही गाडी घालतो आणि मला आजही वाईट वाटतं.

कायद्याचं विचाराल तर 1972च्या वन्यजीव कायद्यानं नाग, घोणस, धामण, अजगर या सगळ्यांना संरक्षण आहे. जिवावर बेतलं असताना, स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवायला खऱ्या हेतूनं जनावर मारलं तर तो गुन्हा धरत नाहीत. पाळण्यात मूल आहे, पाळण्याखाली नाग आहे आणि मदत तासाभरावर आहे, तिथं आईनं काय करावं हे मी दुकानात बसून सांगणार नाही. पण असा प्रसंग फार विरळा. मी पाहिलेले बहुतेक साप मारले गेले ते निघून चाललेले असताना, पाठलाग करून. मांडुळाचं दुखणं आणखी वेगळं. त्याला मारत नाहीत, विकतात. दोन तोंडांचा, धनाचा, म्हणून लाखांच्या बाता मारणारे फोन मलाही येतात. त्यांचे नंबर मी सरळ वनविभागाला देतो.

शिराळा आमच्यापासून लांब नाही. नागपंचमीला घराघरात नागाची पूजा होते. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत. तिथं जिवंत नाग पकडून मिरवायला न्यायालयानं बंदी घातली, ते योग्यच झालं, त्यात नागांचे फार हाल व्हायचे. पण त्या श्रद्धेचा एक परिणाम मी रोज बघतो. नाग निघाला की म्हातारी माणसं हात जोडून म्हणतात, जाऊ द्या त्याला. त्याच घरात घोणस निघाली की कुऱ्हाड बाहेर येते. नागाला मिळणारी सवड घोणशीला मिळाली तर दोन्हीकडचे जीव वाचतील, असं मी त्या म्हाताऱ्यांनाच सांगतो. काही ऐकतात. एक आजी म्हणाल्या, "मग तिचाबी एक सण करा की." त्यांना ते मनापासून वाटत होतं.

पकडलेला साप मी लांब नेत नाही. घरापासून जवळच, त्याच शिवारातल्या ओढ्याकाठी किंवा बांधाच्या दाट झाडीत सोडतो आणि वनविभागाकडे नोंद करतो. लोकांना हे आवडत नाही, "लांब घाटात सोडा" असा आग्रह असतो. पण साप आपल्या टापूत बीळ, पाणी, भक्ष्य ओळखून राहतो. अनोळखी रानात तो भटकत राहतो आणि बरेचदा मरतो. इथली जागाही रिकामी राहत नाही. उंदीर आहेत तोवर दुसरा साप येणारच. म्हणून साप नेल्यावर मी अर्धा तास घराभोवती फिरतो. भिंतीला टेकलेली सरपणाची रास, मोरीचं उघडं भोक, कोंबड्यांच्या खुराड्याखालचे दाणे, दाराची फट. कोणी बायका तेव्हाच आवरायला घेतात, कोणी "बघू" म्हणतात.

सगळ्यात जास्त दंश मी ऐकले ते रात्रीच्या पाण्याचे. शेतीला लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. थ्री-फेज आली की माणूस झोपेतून उठून विहिरीवर जातो, आणि मग सरीसरीनं पाण्याची दारं मोडत अंधारात फिरतो. पाण्यानं बिळं भरली की उंदीर बाहेर, त्यांच्यामागं साप. मी गिऱ्हाइकांना गमबूट घ्या म्हणत होतो. त्यांनी घेतले, चार दिवस घातले आणि टाकून दिले. भिजल्या सरीत गमबूट रुततो, पाय निघतो आणि बूट आत राहतो, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. ऊस तोडणी, गवत काढणी, सोयाबीनच्या काढणीला बूट चालतो, दाऱ्यावर चालत नाही. मग आम्ही वाट काढली. कपाळाला बांधायची बॅटरी, म्हणजे दोन्ही हात खोऱ्याला मोकळे. पाय टाकायच्या आधी खोऱ्याचा दांडा जमिनीवर आपटायचा. आणि मोटारीला मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर, म्हणजे निदान विहिरीपर्यंतची खेप वाचते. असे स्टार्टर मी आता बरेच बसवले. काही फीडरांवर सौर प्रकल्पाची लाईट दिवसा मिळायला लागली आहे. त्या वाड्यांवरून मला रात्रीचे फोन कमी येतात. बाकीच्या शिवारांत अजून रात्रीचीच पाळी आहे. तिथली माणसं स्टार्टर घ्यायला दुकानात आली की मी त्याच्याबरोबर कपाळाची बॅटरीही काउंटरवर ठेवतो.